बिनखुणेचा माल

गाडीचं इंजिन उघडून देणारे मुंबईत गल्लोगल्ली बसलेत. उघडलेलं इंजिन जे होतं तेच परत जोडून देणारा मिळणं, ही गोष्ट वेगळी. जुनी गाडी सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा, चहा संपेपर्यंत तो तुम्हाला हेच रडगाणं ऐकवेल. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, द्यावा आपला चांगला आणि परत यावा भलत्याच कोणाचा झिजलेला. वरून तेल फासलं की आपल्याला काय डोंबल कळणार? म्हणून ह्या मंडळींची एक रीत असते. माल मशीनशॉपवर टाकायच्या आधी प्रत्येक भागावर, कुठंतरी कोपऱ्यात, पंचचं पोलादी टोक ठोकून आपली खूण करायची. परत आल्यावर आधी खूण बघायची आणि मग काम. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. गिऱ्हाइकाला माहीत असतं, शॉपवाल्यालाही माहीत असतं.

शुभा परबला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती, कारण तिच्या वडिलांची खूण अख्ख्या घरावर होती.

वडील म्हणजे दत्ताराम परब. घरात आणि मुलुंडच्या सोसायटीत सगळे त्यांना भाऊ म्हणत. उमेदीची वर्षं गिरणीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथं असतानाच त्यांनी मोडीत निघालेली एक डुक्कर फियाट घेतली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक भाग करत उभी केली. ती जुनी गोल पाठीची फियाट, पुढं नाक काढलेली, पुढची दारं उलटी उघडणारी. त्यातही डाव्या बाजूचं दार हट्टी. नुसतं ओढलं तर ढिम्म हलत नसे. हँडल जरासं वर उचलायचं आणि मग ओढायचं. घरच्यांचे हात आपसूक तसे जात. पाहुणे मात्र खटाखट ओढत बाहेर उभे.

भाऊंची खूण म्हणजे तीन टिंबं, चुलीच्या तीन दगडांसारखी मांडलेली. शेजारणी भांड्यांवर नावं घालून घेत, परबांकडे भांड्यांवर टिंबं असत. पान्यांवर टिंबं, स्टोव्हवर टिंबं, शुभाच्या कंपासपेटीवरही टिंबं. एकदा ती हाफचड्डीतली शुभा स्वतःचा हात पुढं करून त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, भाऊ, माका पण कर. भाऊंच्या एका हातात पंच होता आणि दुसऱ्यात हातोडी. त्यांनी दोन्ही खाली ठेवलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"तुका कित्याक व्हयी गो खूण?" ते म्हणाले. "लाखांत उभी रवलंस तरी मी तुका वळाकतलंय."

आता शुभानं पन्नाशी ओलांडलीय आणि भाऊंनी ऐंशी. लग्न तिनं केलं नाही, त्याची कारणं तिची तिला माहीत. बँकेतली नोकरी, भाऊ आणि ती फियाट, एवढा तिचा संसार. बरा चालला होता. मग भाऊ विसरायला लागले. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते गेलं. एका सकाळी शुभानं चहाचा कप पुढं केला तर ते अदबीनं उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आपण कोणाकडे आलात?"

शिवी दिली असती तरी चाललं असतं. आयुष्यभर ह्या माणसानं घरात मालवणीशिवाय दुसरा शब्द काढला नाही. शुद्ध मराठी बाहेरच्यांसाठी, बँकेतल्या साहेबासाठी, डॉक्टरसाठी. त्या सकाळी भाऊंनी शुभाला बाहेरच्यांत बसवलं. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

एकच धागा शिल्लक होता, गाडीचा आवाज. संध्याकाळी फियाट सोसायटीच्या गेटमधून आत वळली की गॅलरीत बसलेले भाऊ मान वर करत. "इलां. शुभा इलां." आणि ती जिना चढून वर गेली की तासभर तरी ती शुभाच असायची. भाऊ तिला बाजारभाव विचारायचे, गाडी तापली काय ते विचारायचे, मालवणीत भांडायचेसुद्धा. त्या तासाभरासाठी शुभा रोज विनाकारण गाडी काढून मुलुंडात चक्कर मारून यायची. पेट्रोल जाळते म्हणून सोसायटीतल्या बायका हसायच्या. हसू देत.

मग ऐरोलीच्या पुलावर इंजिन जाम झालं. गाडी ओढून आणली. त्या दिवसापासून भाऊंची मालवणी बंद झाली ती झालीच.

तेव्हा शुभाला नुसती गाडी चालू करून नको होती. इंजिन तेच हवं होतं. तोच ब्लॉक, तोच क्रँक, तोच आवाज. भाऊंच्या कानाला फसवता येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. दुसरं इंजिन घातलं तर गेटमधून दुसरीच गाडी येणार आणि दुसऱ्या गाडीतून दुसरीच बाई उतरणार.

अंधेरीच्या एका शॉपमध्ये काचेची केबिन होती, एसी होता. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, एवढ्या जुन्या ब्लॉकला कशाला आतून घासत, बोअर मारत बसता? दुसरा बसवून देतो ना. कोणाला कळतंय?" शुभा चहा अर्धा टाकून उठली. गोरेगावला दुसरा एक होता, शूटिंगच्या जुन्या गाड्या आमच्याकडेच येतात म्हणून छाती फुगवणारा. ती पोचली तेव्हा तिथं एक म्हातारे गृहस्थ पिस्टन उलटसुलट करून बघत होते आणि मालक त्यांना सांगत होता की काका, हा तुमचाच आहे, तुम्हाला आठवत नसेल. ते वाक्य शुभाला फार लागलं. ती आत न जाताच परत फिरली.

शेवटी मुलुंडच्याच रतनकडे गेली. रतन भाऊंना ओळखायचा, इंजिन उघडणं-जोडणं त्याच्या हातचं. पण बोअर मारायची, क्रँक घासायची मशीन त्यानं केव्हाच विकून टाकलेली. आता फिटिंग करतो आणि उरलेल्या वेळात गेटं-ग्रिलं वेल्ड करतो. त्यानं सोसायटीच्या आवारातच फियाटचं इंजिन उतरवलं, खोललं आणि सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघितलं.

"काम होईल शुभाताई. बोअर मारायला लागेल, क्रँक घासायला लागेल. पण बाहेरून."

"कोणाकडून? विश्वासाचा सांग."

"विश्वासाचं एकच ठिकाण आहे. घाटकोपरला. माझ्या वस्तादच्या वेळेपासून आहे. तुमचं ते तुमचंच परत येणार, त्यात खोट नाही." तो हात पुसत राहिला. "पण तिथं खूण चालत नाही. खुणेचा माल घेतच नाहीत. आणि आत कोण बसतं ते विचारायचं नाही. मी इतकी वर्षं जातोय, मी बघितलेलं नाही. मला बघायचं पण नाही."

आता तुम्हीच सांगा, खूण करू नका म्हणणाऱ्यावर माणसानं विश्वास कसा ठेवायचा? उलट संशयच येणार. शुभाला आला. भाऊंनी इंजिन कधी बाहेर दिलं नव्हतं, त्यामुळं त्यावर टिंबं नव्हतीच. माल न्यायच्या दिवशी सकाळी तिनं कपाटातून भाऊंचा पंच काढला, हातोडी काढली आणि रतन टेम्पो आणायला गेलेला असताना ब्लॉकवर, हेडवर, क्रँकवर, पिस्टनच्या आतल्या अंगाला, जिथं सुचेल तिथं तीन-तीन टिंबं ठोकली. वर जुनं काळं तेल चोपडून टाकलं. भाऊ गॅलरीतून बघत होते. हातोडीच्या आवाजावर त्यांची मान हलत होती.

घाटकोपर पश्चिमेला एलबीएस रोडच्या मागं ती जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे. बहुतेक गाळ्यांत आता कुरियरची गोदामं झाली आहेत. पोरं खोकी फेकत असतात, स्कॅनरचे टीक-टीक आवाज चालू असतात. तो गोंगाट ओलांडून अगदी टोकाला गेलं की एकदम शांत होतं. शेवटच्या गाळ्यावर पाटी नव्हती. भर दुपार होती, तरी आत एकच बल्ब जळत होता आणि त्याचा उजेड टेबलापुरताच होता. टेबलामागं एक साठीची बाई बसलेली. तिच्या मागं पत्र्याचं पार्टिशन, त्यात दाराच्या जागी ताडपत्रीचा पडदा. पडद्यामागून मशीनचा आवाज येत होता, संथ, एकसुरी, कोणीतरी लांब श्वास घेऊन सोडत असल्यासारखा. कटिंग ऑइलचा वास होता, ओल्या लोखंडाचा होता. आणि ह्या दोन्हींत न बसणारा तिसरा एक, ताज्या पेजेचा. पडद्याच्या खाली जमिनीवर झाकलेलं ताट ठेवलेलं होतं.

"ह्या प्रेमाकाकी," रतन म्हणाला आणि पुढं काही न बोलता माल उतरवायला लागला.

प्रेमाकाकींनी शुभाकडं बघितलं आणि त्या हसल्या. गावाकडच्या बाईचं ओळखीचं हसू. "बस गो बाय. खंयची तू? परब म्हणजे मालवणकडची काय?" दोघींचं गाव जवळजवळचं निघालं. पाणी दिलं, भाऊंची चौकशी केली. शुभाला एकदम हलकं वाटलं. इतक्या दिवसांत तिला तू म्हणून कोणी विचारलं नव्हतं.

मग काकी म्हणाल्या, "दोनच गोष्टी हत. पडद्याच्या आत जायचं नाय. आणि खूण करायची नाय. केलेली नाय मां?"

"नाही," शुभा म्हणाली.

"मी काय बघूक जाणंय नाय. तू म्हणतंस म्हणजे नाय."

खरं सांगून टाकावं असं शुभाला क्षणभर वाटलं. पण सांगितलं तर माल परत न्यावा लागणार, आणि परत नेऊन जाणार कुठं? म्हणून तिनं दुसरंच विचारलं. "पण काकी, खूण का नको? सगळेच करतात."

काकींनी पडद्याकडं बघून आवाज खाली आणला. "आतल्यांचा तसाच आसा. खूण नसली तर ते वस्तू हातात घेतत, फिरवून बघतत, कोणाची ती वळाकतत. कितीय वेळ लागू दे, पण वळाकतत. एकदा खूण दिसली की मग ते वळकूच्या भानगडीत पडणत नाय. खूण आसा ता तुमचा. नाय ता नाय. मग कितीय सांगून उपयोग नाय." त्यांनी टेबलावरचा हात झटकला. "जा आता. फोन करीन."

फोन आला तेव्हा शुभा बँकेत होती. अर्धी रजा टाकून ती रतनला घेऊन घाटकोपरला पोचली. टेबलावर सगळे भाग पुसून, तेल लावून, वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. सिलिंडरच्या आतला भाग आरशासारखा झालेला. पण शुभा आधी टिंबं बघत होती. ब्लॉकवर होती. हेडवर होती. क्रँक उचलून बघितला, होती. सगळं आपलं. तिच्या छातीवरचा दगड उतरला.

मग तिला ऑइल भरायचं झाकण दिसलं. चकचकीत, नवं, कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं. भाऊंच्या झाकणाला कडेला एक पोचा होता, तो ह्याला नव्हता. झाकणावर खूण करायचं ती विसरली होती.

"काकी, हे आमचं नाही."

प्रेमाकाकींनी झाकण हातात घेतलं नाही. नुसतं बघितलं, मग मांडलेल्या मालाकडं बघितलं, आणि वाकून ब्लॉकच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तेलाखाली तीन टिंबं होती. त्यांचा चेहरा उतरला. रागावल्या नाहीत, हेच शुभाला जास्त लागलं.

"खूण केलंस," त्या म्हणाल्या. "माका खोटा सांगितलंस."

"काकी, चुकलं माझं. पण ते झाकण…"

"ता आत रवला. आता ता तुझा नाय. सोड. जा घेऊन बाकीचा."

बाहेर टेम्पो मागं घेताना दुसऱ्या गाडीला लागेल म्हणून ओरडाआरडा झाला. रतन धावला. काकीही उठून दारापर्यंत गेल्या. शुभा टेबलापाशी एकटी उरली. तिला दिसत होतं ते भाऊंचं बोट, त्या पोच्यावरून फिरणारं. दर आठवड्याला तेल बघताना ते झाकण उघडायचे आणि पोचा चाचपायचे. उद्या खाली आले आणि नवं झाकण लागलं हाताला तर? सगळी मेहनत पाण्यात. एवढंसं झाकण तर आणायचंय, समोरच कुठंतरी पडलं असेल.

तिनं ताट ओलांडलं आणि पडदा बाजूला केला.

आत दिवा नव्हता. बल्बचा उजेड पडद्याबरोबर मागं राहिला. मशीन चालू होती, अगदी जवळ, पण दिसत नव्हती. नजर बसली तसं भिंतीला लागून असलेलं फळकूट दिसलं, आणि त्यावर ओळीनं ठेवलेल्या वस्तू. झाकणं, बुश, स्प्रिंगा. पुढं एक चष्मा. त्याच्या पुढं बायकी चपलांचा जोड, नीट एकाशेजारी एक. भाऊंचं झाकण चपलांच्या अलीकडं होतं. तिनं हात पुढं केला.

मशीन थांबली.

तो आवाज बंद झाल्यावर कळलं की तो किती वेळ कानांत होता. बाहेरचा ओरडाही ऐकू येईना. पेजेचा वास एकदम जवळ आला… आणि तिचं मनगट कोणीतरी धरलं. दुखेल असं नाही. वस्तू धरतात तसं. एक अंगठा, तेलकट, खरखरीत, मनगटावरून सावकाश फिरला. हात उलटा केला, तळव्यावरून फिरला. मग कोपरापर्यंत. मग मानेवर, कानाच्या मागं. घाई नव्हती. शोधत होता.

"कोणाची?" आवाज हळू होता, जवळजवळ मायेचा.

शुभा म्हणाली, "दत्ताराम… दत्ताराम परबांची."

"खूण?"

खोटं बोलायची तिला ताकद उरली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "मला… मला नाही केली."

त्यानंतर ती टेम्पोपाशी उन्हात उभी होती. बाहेर कशी आली ते तिला सांगता आलं नसतं. मुठीत झाकण होतं, कडेला पोचा असलेलं. रतन दोर आवळत होता, त्याला काही कळलेलं नव्हतं. प्रेमाकाकी दारात उभ्या होत्या. त्यांनी शुभाकडं बघितलं, बराच वेळ, मग नजर तिच्यावरून काढून घेतली.

"सांभाळून जा हां, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लांब जायचंय."

टेम्पो एलबीएस रोडला लागल्यावर शुभाच्या लक्षात आलं, काकी शुद्ध मराठीत बोलल्या.

रतननं इंजिन जोडायला बरेच दिवस घेतले. तो सोसायटीच्या आवारातच काम करायचा, ताडपत्री बांधून. शुभा बँकेत जायची, यायची, भाऊंचं जेवणखाण बघायची. सगळं नेहमीसारखं. फक्त बारीकसारीक गोष्टींत तिचं अडायला लागलं. पिठाचा डबा कुठल्या फळीवर, ते हाताला आता शोधायला लागायचं. शेजारच्या बाईचं नाव दोन वेळा चुकलं. भाऊंचं वय झालं तसं आपलंही होतंय, असं तिनं मनाशी म्हटलं. त्यांना कसं वाटत असेल, ते पहिल्यांदाच थोडंफार कळलं, आणि त्यांच्याविषयी तिला इतकी माया दाटून आली की त्या रात्री तिनं त्यांच्या पायांना बराच वेळ तेल चोळलं. भाऊ अवघडून म्हणाले, "राहू द्या ताई, कशाला त्रास."

रविवारी सकाळी इंजिन चालू झालं. दोनदा फुसफुसलं आणि मग तो आवाज आला. तोच. जराही फरक नाही. शुभा गाडीपाशी उभी होती. वर गॅलरीत भाऊंची मान झटकन वर झाली.

"इलां," ते म्हणाले. खालपर्यंत ऐकू आलं. "शुभा इलां."

रतननं शुभाकडं बघून अंगठा दाखवला आणि हात धुवायला पाण्याच्या टाकीकडं गेला. त्यालाही भरून आलं असावं. भाऊ तर जिना उतरत होते, कठडा धरून, एकटे, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. गाडीपाशी आले. बॉनेट उघडंच होतं. त्यांनी ब्लॉकच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला, टिंबं चाचपली. "माझी," ते म्हणाले. हेडवर चाचपली. "माझी." झाकणाच्या पोच्यावर बोट फिरवलं, टिंबं सापडली नाहीत, आणि चेहरा जरासा आक्रसला. मग त्यांनी वळून शुभाकडं बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली. "मी शुभा."

त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं. अंगठा मनगटावरून सावकाश फिरला. हात उलटा केला, तळव्यावरून फिरवला. मग कोपरापर्यंत. मग मान, कानाच्या मागं. शुभाला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार काय? बापाचाच हात होता.

"हिच्यावर नाही," भाऊ स्वतःशी म्हणाले. मग तिच्याकडं बघून, समजावणीच्या सुरात, "रागावू नका हां ताई. तुम्ही सगळं नीट आणलंत. ब्लॉक आणलात, हेड आणलात. पण माझी मुलगी तिथं राहिली."

"भाऊ, मीच तुमची मुलगी."

"मग सांगा बघू." ते खरंच विचारत होते, डोळ्यांत आशा होती. "घरातल्या सगळ्यावर खूण केली मी. तिच्यावर का नाही केली? तिला विचारा, ती लगेच सांगेल."

शुभानं तोंड उघडलं. उत्तर आपल्याला माहीत आहे, ह्याची तिला खात्री होती. कितीतरी वेळा ते आठवून ती झोपी गेली होती. पंच होता. हातोडी होती. एक लहान हात पुढं केलेला होता. आणि त्यानंतर भाऊ काहीतरी म्हणाले होते… काहीतरी… तिनं डोळे मिटले. तिथं काहीच नव्हतं, सिलिंडरच्या आत असतं तसं, घासून गुळगुळीत केलेलं.

तिच्या हातातला फोन वाजला. प्रेमाकाकींचा नंबर होता.

"ताई," काकी म्हणाल्या, मागं मशीनचा तो संथ आवाज. "तुमच्याकडचं एक इथं राहिलंय. त्या दिवसापासून बसून आहे. जेवत नाही. सारखं घरचं विचारतंय." मग फोन कोणीतरी दुसऱ्यानं घेतला. पलीकडची बाई काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, आवाज मात्र शुभानं ह्याआधी ऐकला होता, स्वतःचाच, फोनवर रेकॉर्ड केलेला.

भाऊंनी हात पुढं केला. तिनं फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत तो चेहरा असा तिनं बघितला नव्हता.

"होय गो," ते म्हणाले. "होय, होय. रडा नको… तुका कित्याक व्हयी खूण? लाखांत उभी रवलंस तरी मी तुका वळाकतलंय. थंयच बस. मी येतंय तुका न्हेवूक."

त्यांनी फोन परत दिला. बॉनेट लावलं, उजव्या बाजूनं जाऊन स्टिअरिंगवर बसले. कित्येक वर्षं चालवली नव्हती, तरी हात सगळे जागच्या जागी पडले. टाकीवर पाण्याचा आवाज चालू होता. रतन पाठमोरा हात धूत होता.

भाऊंनी डावीकडं वाकून काचेतून तिच्याकडं बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, चूक कोणाची तरी झाली असणार आणि ती आपण निस्तरू, असं होतं.

"बसा ताई," ते म्हणाले. "तुम्हालाही तिथं पोचवतो. तुमचीही माणसं वाट बघत असतील."

जावं की नाही, ह्याचा शुभानं विचार केला, पण फार नाही. तिलाही बघायचं होतं तिथं कोण बसलंय. आणि इतक्या मायेनं तिला बसा म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. तिनं डाव्या दाराचं हँडल धरलं आणि ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं, जोर लावून. ढिम्म.

भाऊंनी आतून हात लांब करून तिला दाखवलं.

"जरा वर उचलून ओढा," ते म्हणाले. "नवीन माणसाला नाही जमत ते."